सांबरा विमानतळाचा इतिहास कसा शोधावा आणि कसा लिहावा

बेळगाव शहराच्या पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर, बागलकोट रस्त्यालगत असलेल्या सांबरा विमानतळाविषयी आपल्याकडे एकच वाक्य वर्षानुवर्षे फिरत आले आहे. १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने हा तळ बांधला, दुसऱ्या महायुद्धात तेथे प्रशिक्षण दिले जात असे आणि ब्रह्मदेशात लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडला त्याचा आधार होता, असे ते वाक्य आहे. स्मरणिकांत, भाषणांत आणि शाळेच्या प्रकल्पवह्यांत ते जसेच्या तसे उतरवले जाते आणि विमानतळाचा इतिहास तेथेच संपतो. वाक्य चुकीचे नाही, परंतु त्यात बांधकाम, प्रशिक्षण, युद्ध आणि जमीन अशा चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या आहेत, आणि त्यांतली शेवटची, म्हणजे जमीन, तर उच्चारलीही जात नाही. सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री, सुळेभावी या पट्ट्यातील शिक्षकांनी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास स्वतः शोधून लिहावा, यासाठी कामाची दिशा येथे मांडली आहे.

सुरुवात त्या वाक्याची फोड करण्यापासून करावी. एका कोऱ्या पानावर वर्षांची उभी रेघ ओढावी आणि आधी फक्त निश्चित तारखा लिहाव्यात. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या ताब्यात गेले, ५ एप्रिलला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकीनाडा यांच्यावर बॉम्ब पडले. हिंदुस्थानचा पूर्व किनारा उघडा पडल्यावर सरकारने देशभर घाईघाईने विमानतळ उभारण्यास घेतले. सांबऱ्याचा जन्म या घाईतला आहे. आता त्याच रेघेवर आग्नेय आशिया कमांड कोठे येते ते पाहावे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाताखाली ही कमांड प्रत्यक्ष कामाला लागली ती नोव्हेंबर १९४३ मध्ये. म्हणजे तळ बांधला गेला तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती, आणि त्यामुळे ‘आग्नेय आशिया कमांडसाठी १९४२ मध्ये बांधलेला तळ’ असे लिहिणे योग्य ठरत नाही. तळ आधी झाला, कमांड नंतर आली आणि तळ तिच्या उपयोगी पडला, असा क्रम लिहावा. एवढी एक दुरुस्ती केली तरी पुढच्या सगळ्या शोधाला शिस्त लागते, कारण कोणत्या वर्षाचे कागद कोणत्या कार्यालयाच्या नावाखाली शोधायचे हे त्यावरून ठरते.

यानंतर ‘प्रशिक्षण’ हा शब्द घ्यावा. युद्धकाळात वैमानिकाचे शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी होत असे. हिंदुस्थानात प्राथमिक उड्डाण बेगमपेठ आणि जोधपूर येथे शिकवले जाई, पुढचे शिक्षण अंबाल्याला होई, आणि प्रत्यक्ष लढाऊ विमानावर हात बसवण्यासाठी रिसालपूर व पेशावरकडे पाठवले जाई. याखेरीज एका जातीच्या विमानावरून दुसऱ्या जातीच्या विमानावर जाणाऱ्यांचे रूपांतर-प्रशिक्षण वेगळे, आणि यंत्रदुरुस्ती, बिनतारी संदेश अशा जमिनीवरच्या कामांचे शिक्षण वेगळे. तेव्हा ‘सांबऱ्यात प्रशिक्षण होत असे’ असे कोणी सांगितले की ते कोणत्या पायरीचे होते, हा प्रश्न लगेच मनात यायला हवा. त्याचे सर्वांत भरवशाचे उत्तर वैमानिकाच्या उड्डाणवहीत मिळते. रॉयल एअर फोर्सचा प्रत्येक वैमानिक ही वही ठेवत असे, आणि तीत तारीख, विमानाची जात व क्रमांक, चालकाचे नाव, सोबतचा वैमानिक किंवा शिकाऊ, उड्डाणाचा हेतू आणि हवेतला वेळ असे रकाने असत. शिक्षकासोबतचे उड्डाण आणि एकट्याने केलेले उड्डाण यांचे तास वेगवेगळे मांडलेले असत. बेळगावहून निघालेल्या उड्डाणांपुढे शिक्षकासोबतचे तास भरलेले आढळले तर तो प्रशिक्षणाचा थेट पुरावा होय. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आणि रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात अशा अनेक वह्या जतन केलेल्या आहेत.

तळाचा स्वतःचा दैनंदिन वृत्तान्तही असतो. रॉयल एअर फोर्सच्या प्रत्येक घटकाला घडामोडींची नोंद विशिष्ट छापील नमुन्यात ठेवावी लागे. नमुना क्रमांक ५४० मध्ये दिवसवार घटनांचा गोषवारा आणि ५४१ मध्ये उड्डाणांचा तपशील असे. हे कागद लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये हवाई मंत्रालयाच्या दप्तरांत आहेत. ‘एआयआर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या, ‘एआयआर २८’ मध्ये तळांच्या आणि ‘एआयआर २९’ मध्ये शाळा व इतर किरकोळ घटकांच्या नोंदी आहेत. सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते. शोधताना आजचे ‘बेळगावी’ हे नाव उपयोगाचे नाही, कारण ते अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ पासून आले. ‘बेलगॉम’ या जुन्या इंग्रजी रूपाने शोधावे, आणि गावाचे नाव ‘सांब्रा’ व ‘सांब्रे’ अशा दोन्ही रूपांत घालून पाहावे. रेल्वे स्थानकाला अजूनही सांब्रे म्हणतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आहे. तेथे संरक्षण खात्याबरोबरच दळणवळण आणि श्रम या खात्यांचीही दप्तरे चाळावीत, कारण बांधकाम, मजूर आणि वाहतूक यांचा पत्रव्यवहार सेनेच्या फायलींत असेलच असे नाही.

मात्र माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या भागातील अभ्यासकाने आपला बहुतेक वेळ क्यूच्या कागदांवर घालवू नये. विमानांचा इतिहास इंग्लंडमध्ये बसलेला कोणीही हौशी अभ्यासक लिहू शकेल. ज्या शिवारावर ही धावपट्टी उठली त्या शिवाराचा इतिहास मात्र येथील माणसाशिवाय कोणी लिहिणार नाही, आणि ती माहिती देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

जमिनीचा शोध सर्व्हे नंबरापासून सुरू होतो. एडीएलआर, म्हणजे भूमी अभिलेख साहाय्यक संचालकांच्या, कार्यालयातून सांबरा आणि लगतच्या गावांचे जुने गावनकाशे मिळवावेत आणि त्यांवर आजच्या विमानतळाची हद्द पेन्सिलीने ढोबळ मांडावी. ज्या सर्व्हे नंबरांवर ती पडते त्यांची यादी करावी आणि प्रत्येक नंबराचा उतारा मागे मागे नेत जावा. आजचा संगणकीय उतारा फार मागे जात नाही, म्हणून तहसीलदार कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून हाताने लिहिलेली जुनी हक्कनोंदणी आणि फेरफारांच्या नकला मागाव्यात. १९४० ते १९५२ या काळातला जो फेरफार खातेदाराचे नाव कमी करून सरकारचे नाव चढवतो, तोच आपल्याला हवा असलेला कागद आहे. त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख दिलेली असते, आणि त्या क्रमांकावरून वरच्या कार्यालयातील फाईल मागता येते.

येथे एक कायदेशीर भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. युद्धकाळात सरकारला जमीन दोन मार्गांनी घेता येत असे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतलेली जमीन कायमची सरकारची होई. त्या कायद्याच्या कलम ४ ची आणि कलम ६ ची अधिसूचना मुंबई सरकारच्या राजपत्रात गाव, सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे यांसह छापून येई, आणि कलम ११ खाली भरपाईचा निवाडा होई. दुसरा मार्ग भारत संरक्षण नियमांतील नियम ७५-अ चा. त्याखाली जमीन केवळ ताब्यात घेतली जाई, मालकी तत्त्वतः शेतकऱ्याकडेच राही आणि भरपाई १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ठरे. युद्ध संपल्यावर अशा ताब्याचे काय करायचे, यासाठी १९४७ मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये वेगळे कायदे करावे लागले. त्यामुळे एखाद्या घरात ‘आमची जमीन भाड्याने घेतली होती, परत मिळाली नाही’ असे सांगितले जात असेल, तर तो निव्वळ गैरसमज आहे असे समजून सोडून देऊ नये. त्या नंबराचा ताबा कोणत्या मार्गाने घेतला गेला हे आधी तपासावे. त्याचप्रमाणे खातेदार आणि प्रत्यक्ष कसणारा हे पुष्कळदा वेगळे असत. निवाड्यात खातेदाराचे नाव येते, पण जोंधळ्याचे किंवा भाताचे उभे पीक ज्याच्या हातून गेले त्या कुळाचे नाव येत नाही. इतर हक्कांचा रकाना आणि घराघरातील जुन्या पावत्या पाहिल्याशिवाय त्या माणसाचा पत्ता लागत नाही. घरगुती कागद आणि सावकारी वह्या मोडी लिपीत असण्याचा संभव असतो, आणि १९५६ नंतरच्या महसुली नोंदी कन्नडमध्ये आहेत. म्हणून शोध घेणाऱ्या गटात मोडी वाचणारा एक आणि कन्नड सहज वाचणारा एक असे दोघे असावेतच.

कागद कोठे आहेत हे आपल्या भागाच्या राजकीय इतिहासावरून ठरते. तळ बांधला गेला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता, म्हणून प्रांतिक सरकारच्या महसूल व गृह खात्यांची दप्तरे मुंबईला महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयात पाहावीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचे राज्याचे कागद बंगळूरला आहेत. जिल्हा पातळीवरचे बरेचसे येथेच जिल्हाधिकारी कार्यालयात राहिले. यात संस्थानांचा गुंता आणखी वेगळा आहे. आज शहराचाच भाग असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते, त्यामुळे तेथील ठेकेदार, गाडीवान किंवा मजूर तळाच्या कामावर गेले असतील तर त्यांच्याविषयीचा पत्रव्यवहार सांगलीच्या दप्तरात पडलेला असू शकतो. शेजारच्या कोल्हापूरशी तुलना करून पाहिली तर हा मुद्दा चांगला समजतो. तेथील उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली, युद्ध सुरू होण्यापूर्वी, संस्थानाने उभारला. त्याचा इतिहास दरबारी कागदांत सापडतो. सांबऱ्याचा तळ साम्राज्याच्या लष्करी गरजेतून झाला, म्हणून त्याचे कागद लंडन, दिल्ली, मुंबई आणि गावचे चावडीदप्तर असे विखुरलेले आहेत.

त्या काळची वर्तमानपत्रेही चाळावीत, पण ती वाचण्याची रीत वेगळी आहे. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘तरुण भारत’चे जुने अंक मिळाले तरी ‘सांबऱ्यात विमानतळ बांधला जात आहे’ अशी बातमी शोधत बसू नये, कारण लष्करी बांधकामाच्या बातम्यांवर युद्धकाळात निर्बंध होते आणि १९४२ च्या आंदोलनामुळे वृत्तपत्रांवर नजर अधिकच कडक झाली होती. त्याऐवजी निविदा, लिलाव, मजूर हवेत अशा जाहिराती, बागलकोट रस्ता वाहतुकीला बंद असल्याच्या सूचना, धान्याचे कंट्रोल दर आणि दिवे झाकण्याचे हुकूम पाहावेत. बातमी दाबली गेली तरी जाहिरात छापली जाते. युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत सैन्याच्या शिल्लक मालाचे, म्हणजे पत्रे, तंबू, पिंपे, मोटारींचे लिलाव देशभर झाले, त्यांच्या जाहिरातींतूनही तळावर काय काय होते याचा अंदाज बांधता येतो.

आता माणसांकडे वळावे. १९४२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे, म्हणून या भेटी कागदांच्या आधी उरकाव्यात. पहिल्याच भेटीत वही उघडून प्रश्नावली वाचू नये. घरच्या माणसाला सोबत घ्यावे, बाळेकुंद्रीच्या कन्नड घरात कन्नड बोलणारा घेऊन जावे आणि प्रश्न छापील भाषेत न विचारता ‘आज्जा, त्या वक्ताला ही जमीन कुनाची हुती? पिकत काय हुतं?’ असे बोलीतच विचारावेत. विमानांविषयी विचारले तर माणूस ऐकलेले सांगतो, शेताविषयी विचारले तर पाहिलेले सांगतो, हा फरक फार महत्त्वाचा आहे. शेताच्या बांधावरून बोलणे सुरू झाले की विहीर कोठे बुजवली, गाडीवाट कशी वळवली, खडी कोणत्या खाणीतून आली, बायकांना दिवसाची मजुरी किती मिळे, हे आपोआप येत जाते.

सालाचा प्रश्न सरळ विचारू नये. गावची लक्ष्मीयात्रा कोणत्या वेळची, कंट्रोलचे धान्य सुरू होण्याच्या आधी की नंतर, गांधीहत्येच्या वेळी तुम्ही किती मोठे होता, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार झाला तेव्हा तुमचे लग्न झाले होते का, अशा खुणांवरून साल काढावे. महालक्ष्मीची यात्रा आपल्या गावांत बऱ्याच वर्षांच्या अंतराने भरते, त्यामुळे ती कालमापनाला विशेष उपयोगी पडते. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे लिहून घ्यावेत आणि आपले अनुमान दुसऱ्या रंगाच्या शाईने बाजूला लिहावे. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि जमिनीचा वाद आजही चालू असलेल्या घराचे नाव घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय छापू नये.

‘येथे एक विमान पडले होते’ ही हकीकत या पट्ट्यात ऐकायला मिळाली तर ती पडताळण्याचा मार्ग उपलब्ध आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकाचे नाव, तुकडी आणि मृत्यूची तारीख शोधता येते. पश्चिम व मध्य भारतातील ज्या दफनभूमींची कायमची देखभाल होणे शक्य नव्हते तेथील युद्धकालीन थडगी पुण्याजवळच्या खडकी युद्धस्मशानात हलवण्यात आली, आणि दक्षिण व पूर्व भागातील पुष्कळशी मद्रासच्या युद्धस्मशानात गेली. म्हणून दोन्ही ठिकाणच्या याद्या पाहाव्यात. एकाच तारखेला एकाच तुकडीतील दोन-तीन हवाई सैनिकांचे मृत्यू नोंदलेले दिसले, तर ती तारीख घेऊन पुन्हा तळाच्या वृत्तान्ताकडे जावे आणि मग सांगणाऱ्या आजोबांकडे परत यावे. ती मुले वीस-बावीस वर्षांची होती, हे लिहिताना विसरू नये.

जमिनीवरच्या खुणांसाठी सर्वेक्षण खात्याचे जुने स्थलदर्शक नकाशे घ्यावेत. हा भाग ‘४८ आय’ या पत्रकात येतो. अमेरिकेच्या गुप्तहेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली आणि १९९५ मध्ये खुली झालेली ‘कोरोना’ छायाचित्रे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पुढील विस्तारापूर्वीचे शिवार पाहण्यासाठी ती अमूल्य आहेत. धावपट्टीच्या टोकांना असलेले ०८ आणि २६ हे आकडे दिशेचे असतात. चुंबकीय उत्तरेपासून सुमारे ८० आणि २६० अंश, असा त्यांचा अर्थ, म्हणजे पट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते आणि उडते, आणि आपल्याकडे घाटावरून येणारा पावसाळी वारा पश्चिमेचा असतो, हे ध्यानात घेतले की ही दिशा का निवडली ते मुलांनाही समजावता येते.

याच टप्प्यावर सावधगिरी हवी. सांबरा हे आजही हवाई दलाचे केंद्र आहे. कुंपणाजवळ छायाचित्रे काढू नयेत, ड्रोन उडवू नये, आजच्या इमारतींची मांडणी लिहू नये. सरकारी गोपनीयता कायदा १९२३ चा असला तरी तो पूर्णपणे लागू आहे. आत जाऊन काही पाहायचे असेल तर शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर केंद्रप्रमुखांना विनंती करावी. जुन्या नागरी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, परंतु अर्जात एकाच फाईलीचा नेमका उल्लेख असावा.

स्वातंत्र्यानंतरचा भाग लिहिताना एक सार्वत्रिक चूक टाळावी. सांबऱ्यात आज जी हवाई दलाची मोठी संस्था आहे ती वायुसैनिकांची प्रशिक्षण शाळा आहे. जिला आपण ‘एटीएस’ म्हणतो ती हीच. तेथे वायुसैनिक घडतात, आता अग्निवीरवायूही घडतात, पण ती वैमानिकांची शाळा नाही. युद्धकाळातील उड्डाण-प्रशिक्षण आणि ही शाळा एकाच धाग्यात ओवून ‘तेव्हापासून आजतागायत वैमानिक तयार होतात’ असे लिहिणे चूक ठरेल. गंमत अशी की वैमानिकांचे शिक्षण तेथे पुन्हा आले ते नागरी मार्गाने. २०२१ मध्ये देशातील ज्या पाच विमानतळांवर खाजगी उड्डाण-प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचे ठरले, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबाडी यांच्याबरोबर बेळगावही होते.

मधला डिसेंबर १९६१ चा प्रसंग मात्र सविस्तर लिहावा. १८ डिसेंबरला गोवा मुक्तीच्या कारवाईत पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर मारा केला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. सांबऱ्यापासून बांबोळी सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहूनही कमी आहे. त्या पहाटेचा आवाज ऐकलेली माणसे पंचक्रोशीत अजून आहेत, आणि हा प्रसंग तारीखवार पक्का असल्यामुळे त्यांच्या आठवणींची अचूकता जोखायलाही तो उपयोगी पडतो. १४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या नव्या टर्मिनलपर्यंतची पुढची हकीकत वृत्तपत्रांतून सहज मिळते आणि तिला दोन परिच्छेद पुरे होतात.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे समासात ‘कागद’, ‘ऐकीव’ किंवा ‘अनुमान’ असा एक शब्द लिहावा आणि पक्का मसुदा होईपर्यंत तो पुसू नये. मसुदा तयार झाला की छापण्यापूर्वी तो सांबऱ्यात देवळाच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवावा. सर्व्हे नंबर आणि त्यांपुढील जुन्या खातेदारांची नावे वाचताना थोडे थांबावे, म्हणजे ‘हा नंबर आमचा नव्हे, पलीकडच्यांचा’ असे सांगणारा माणूस उठेल. त्या दुरुस्त्यांसाठी यादीसमोरचे पान कोरे ठेवावे, आणि भरलेल्या पानासह एक प्रत गावच्या वाचनालयात व एक बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी.